पाण्याचं इंजिनिअरिंग शिकायचंय? मग आधी कर्जत-खालापूर समजून घ्या

मे महिन्यात कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एखाद्या आदिवासी वाडीवर जाऊन बघा. विहिरीचा तळ दिसत असतो. बाया-पोरी हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. आणि त्याच वाडीवरून खाली दरीत नजर टाकली, तर कुठे नदी वाहताना दिसते, कुठे धरणाचं निळं पाणी चमकताना दिसतं.

हे कर्जत म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं नाही हं. हे रायगडचं कर्जत, लोकलच्या शेवटच्या स्टेशनांपैकी एक. इथे पावसाळ्यात छत्री उघडून उपयोग होत नाही इतका पाऊस पडतो. तरी मार्च उजाडला की टँकर सुरू.

आता यात नवीन काय? तर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच कर्जत तालुक्यातल्या दोन मोठ्या धरणांना मान्यता दिली. एक पोशीर, खर्च सुमारे ६,३९४ कोटी रुपये. दुसरं शिलार, खर्च सुमारे ४,८६९ कोटी. दोन्ही मिळून ११ हजार कोटींच्या पुढे. यातलं पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशातल्या वाढत्या शहरांसाठी आहे. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारबरोबर करार केला. त्यात भिवपुरीला १,००० मेगावॉटचा नवा जलविद्युत प्रकल्प आहे. भिवपुरीसुद्धा कर्जत तालुक्यातच.

म्हणजे येत्या दहा-पंधरा वर्षांत या दोन तालुक्यांत पाण्याची प्रचंड कामं होणार. ती कामं कोण करणार? ज्यांनी वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग, म्हणजे जलसंपदा अभियांत्रिकी, शिकलेली आहे ते. दरवर्षी निकाल लागले की घराघरांत 'कॉम्प्युटर की एआय' यावर चर्चा होते. या शाखेचं नाव मात्र क्वचितच कुणी काढतं. म्हणून म्हटलं, ही शाखा नेमकी काय आहे ते कर्जत-खालापूरच्या उदाहरणातूनच समजून घेऊ. कारण या शाखेच्या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक धडा इथे जमिनीवर उभा आहे. आणि पुस्तकात नसलेला एक प्रश्नही इथेच आहे.

यात शिकवतात तरी काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर चार गोष्टी.

पहिली, पाऊस किती पडतो आणि त्यातलं किती पाणी नदीत येतं, किती जमिनीत मुरतं, किती वाफ होऊन जातं याचा हिशोब. याला जलविज्ञान म्हणतात. दुसरी, वाहणारं पाणी कसं वागतं: पाइपात, कालव्यात, नदीत, सांडव्यावरून पडताना. तिसरी, ते अडवायचं आणि न्यायचं कसं: धरण, बंधारा, कालवा, बोगदा, पंप. चौथी, आहे ते पाणी कुणाला, कधी आणि किती द्यायचं. याला नियोजन म्हणतात.

पहिल्या तीन गोष्टींना गणित लागतं. चौथीला गणित तर लागतंच, शिवाय माणसंही समजावी लागतात. ही चौथी गोष्ट लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी तिच्याकडेच यायचं आहे.

धडा पहिला: पाणी डोंगरावरून खाली सोडा, वीज घ्या

खोपोलीला कधी गेला असाल तर डोंगरावरून उतरणारे जाड पाइप पाहिले असतील. ते टाटांच्या वीजघराचे. खोपोलीचं वीजघर सुरू झालं १९१५ मध्ये. वर लोणावळ्याजवळ वळवण, लोणावळा आणि शिरवता ही तळी. तिथलं पाणी घाट उतरवून खाली खालापूर तालुक्यात आणायचं, त्याच्या जोरावर टर्बाइन फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती कल्पना. १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं, त्याला पाणी मिळतं वरच्या ठोकरवाडी धरणातून. नंतर १९२७ मध्ये मुळशीचं पाणी भिरा इथे उतरलं. भिरा मात्र या दोन तालुक्यांच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या खोऱ्यात आहे.

यातलं गणित अगदी सोपं आहे. एक टँकर धरा, १० हजार लिटरचा. एवढं पाणी ५०० मीटर खाली पडलं, आणि वाटेतली थोडी गळती-घर्षण सोडून दिली, तर साधारण १२ युनिट वीज मिळते. एका मध्यमवर्गीय घराला दोन-तीन दिवस पुरेल एवढी. हा १२ चा आकडा डोक्यात ठेवा, तो परत लागणार आहे.

भिवपुरीचा नवा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो, फक्त उलटसुलट. दुपारी सौरऊर्जा भरपूर आणि स्वस्त असते, तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. संध्याकाळी सगळ्यांचे एसी आणि दिवे सुरू झाले की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. यात जेवढी वीज घातली तेवढी परत मिळत नाही, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वाया जातो. तरीही परवडतं, कारण दुपारच्या आणि संध्याकाळच्या विजेची किंमत सारखी नसते. थोडक्यात, डोंगराची बॅटरी करायची. देशात सौरऊर्जा वाढतेय तशी अशा बॅटऱ्यांची गरज वाढतेय, आणि त्या बांधायला उंच डोंगर, खाली सपाटी आणि भरपूर पाऊस लागतो. सह्याद्रीच्या कडेला हे तिन्ही आहे.

धडा दुसरा: नदीत वाहतंय ते पाणी नेमकं कुठलं?

आता खरी गंमत. लोणावळ्याच्या वरचं हे पाणी मुळात आपलं, म्हणजे कोकणाचं, नाहीच. ते इंद्रायणी आणि तिच्या उपनद्यांचं. टाटांनी अडवलं नसतं तर ते भीमेला मिळालं असतं, उजनीला गेलं असतं, पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. टाटांनी ते डोंगराच्या पश्चिमेला वळवलं. वीज तयार झाल्यावर खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं आणि भिवपुरीचं उल्हास नदीत.

म्हणून तर कोकणातल्या इतर नद्या एप्रिल-मेमध्ये खडखडीत कोरड्या पडतात, तेव्हा या दोन नद्या वाहत असतात. आणि त्यांच्या काठावर काय काय उभं राहिलं बघा. उल्हासवर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली. पाताळगंगेवर रसायनीचे कारखाने आणि पनवेल-उरणकडे जाणारी न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजना. लाखो लोकांच्या नळाचं पाणी वर घाटात किती वीज तयार होते यावर अवलंबून आहे. वीजघर देखभालीसाठी बंद राहिलं, तर खाली नदीची पातळी उतरते.

किती पाणी वळवायचं याला मर्यादा आहे. कृष्णेच्या पाण्याचा वाद महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात पेटला, तेव्हा बच्छावत लवादाने टाटांच्या सगळ्या वीजप्रकल्पांना मिळून मर्यादा घालून दिली: सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही. म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. एवढं पाणी रोजच्या हिशोबात मोडलं तर दिवसाला सुमारे ३,३०० दशलक्ष लिटर होतं. मुंबई शहराला रोज मिळणाऱ्या पाण्यापेक्षा थोडंच कमी. (यात भिराचा वाटाही आला.)

सोलापूर-मराठवाड्यात दुष्काळ पडला की 'टाटांचं पाणी परत पूर्वेकडे वळवा' ही मागणी पुन्हा होते. मागणी चुकीची म्हणता येणार नाही, पाणी मूळचं तिकडचंच. पण वळवलं तर कल्याण-पनवेलच्या नळाला काय येणार? एका पिढीच्या इंजिनिअरने घेतलेला निर्णय पुढच्या चार पिढ्यांना सहजासहजी फिरवता येत नाही. ही गोष्ट या शाखेत शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी अशी आहे.

धडा तिसरा: मोरबे, म्हणजे शहराचं स्वतःचं धरण

खालापूर तालुक्यात चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. स्वतःचं धरण असलेल्या मोजक्या महापालिकांपैकी ती एक, आणि तिला त्याचा अभिमानही आहे. योजना आहे रोज ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची. धरण भरलं की नवी मुंबईकर सोशल मीडियावर फोटो टाकतात: 'आता वर्षभराची चिंता मिटली.' हिशोब बरोबर आहे. ८८ मीटर पातळीला धरणात साधारण १९० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्याला रोजच्या ४५० दशलक्ष लिटरने भागलं तर चारशेहून जास्त दिवस येतात. उन्हाने उडून जाणारं आणि तळाचं न वापरता येणारं पाणी वजा केलं तरी वर्ष निघतं.

धरण किती मोठं बांधायचं हे असंच ठरतं: खोऱ्यात दरवर्षी किती पाणी येतं, गरज किती, आणि कोरड्या वर्षी किती शिल्लक हवी. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. जो प्रश्न येत नाही तो असा: या धरणाच्या आजूबाजूच्या डोंगरावर राहणाऱ्यांना त्यातलं किती पाणी मिळतं?

मग वाडीवर टँकर का?

चला, हाही हिशोब करू. जलजीवन मिशनचं प्रमाण आहे माणशी रोज ५५ लिटर. (शहरात १३५ लिटर धरतात, ते सध्या बाजूला ठेवू.) १८० माणसांची वाडी असेल तर रोज ९,९०० लिटर, म्हणजे १० हजार लिटरचा आपला तोच एक टँकर.

वाडी नदीपासून २०० मीटर उंचीवर आहे असं धरा. एवढं पाणी तिथे चढवायला किती वीज लागेल? पंप आणि पाइपमध्ये निम्मी ऊर्जा वाया जाते असं धरलं तरी सुमारे ११ युनिट.

आता तो १२ चा आकडा आठवा. घाटावरून एक टँकर पाणी खाली आलं की १२ युनिट वीज तयार होते. तेवढ्या विजेत एक टँकर पाणी वाडीवर पोहोचतं. आणि पाणी किती? अशा शंभर वाड्यांना मिळून रोज १० लाख लिटर. मोरब्याच्या ४५० दशलक्ष लिटरशी तुलना केली तर पाव टक्क्याहून कमी.

म्हणजे पाणी पुरत नाही हे कारण होऊ शकत नाही. वीज पुरत नाही हेही नाही. तंत्रज्ञान तर शंभर वर्षांपूर्वीच आलंय. मग अडतं कुठे?

अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. पाइपलाइन वनखात्याच्या जमिनीतून जाते, परवानगी लागते. पंप बसतो, पण त्याचं वीजबिल ग्रामपंचायतीला झेपत नाही आणि कनेक्शन तुटतं. पहिल्याच पावसात उतारावरची माती सरकते, पाइप उखडतो, दुरुस्त कुणी करायचा हे ठरलेलं नसतं. विहीर खोदली जाते, पण कातळात. कागदावर योजना 'पूर्ण' होते आणि मार्चमध्ये नळाला हवा येते. मोठ्या धरणासाठी इंजिनिअरांची फौज असते. वाडीच्या योजनेसाठी बऱ्याचदा एकच कनिष्ठ अभियंता, आणि त्याच्याकडे अशी चाळीस गावं.

मला वाटतं पुस्तकातला न लिहिलेला धडा हाच आहे. मोठं पाणी दूर नेणं आपल्याला जमलंय. थोडं पाणी जवळ टिकवणं अजून जमलेलं नाही.

खाली सपाटीवर मात्र एक वेगळं उदाहरण आहे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला हा कालवा निघतो. त्याच्यावर कर्जतच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं उन्हाळी भात घेतलाय. एकीकडे वीज, एकीकडे शहरांना पाणी आणि वाटेत स्थानिक शेतीलाही वाटा. कालव्याच्या दुरुस्तीवरून, पाणी वेळेवर न सुटण्यावरून तक्रारी असतात, त्या खऱ्याही आहेत. पण तत्त्व बघा: पाणी इथून जाणारच असेल, तर जाता जाता इथल्यांना देऊन जावं. शंभर वर्षांपूर्वीच्या व्यवस्थेत ते शक्य झालं.

आता पोशीर आणि शिलार: काय विचारायला हवं?

नव्या धरणांची गरजच नाही असं म्हणणं सोपं आहे, पण प्रामाणिक नाही. बदलापूर-अंबरनाथ-नवी मुंबईत लोकसंख्या वाढतेय. तिथे राहणारेही आपलेच लोक आहेत. त्यातले कितीतरी जण घरं परवडत नाहीत म्हणून मुंबईतून तिथे आलेत. त्यांना पाणी लागणारच.

पण कर्जतला धरणांचा अनुभव आहे, आणि तो फार गोड नाही.

उल्हास नदीवरचं कोंढाणे धरण आठवतंय? ३९ मीटर उंचीचं ठरलेलं धरण २०११ मध्ये ७१ मीटरचं झालं. शंभर कोटींच्या आतला प्रकल्प सहाशे कोटींच्या पुढे गेला. राज्यातल्या सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत हे नाव गाजलं, काम थांबलं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा दाखल केला. पुढे हा प्रकल्प सिडकोकडे गेला.

दुसरं उदाहरण पाली-भूतिवलीचं. धरण बांधून झालं, पाणीही साठलं, पण कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रखडली. धरण दिसतं, शेतात पाणी दिसत नाही.

त्याहून जुनी आठवण मुळशीची. १९२१ मध्ये तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. गावं गेली. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक धरणाच्या वेळी प्रश्न तोच असतो: जमीन ज्याची बुडते, त्याला पाणी मिळतं का?

म्हणून नव्या धरणांबद्दल निदान चार गोष्टी विचारायला हव्यात. एक, बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन आधी होणार की भिंत आधी? दोन, कर्जत तालुक्यातल्या गावांसाठी आणि वाड्यांसाठी किती पाणी राखीव आहे, आणि ते वर चढवण्याचा खर्च कोण देणार? तीन, शहरांनी आधी आपली गळती किती कमी केली? चार, उन्हाळ्यात नदीत किमान किती पाणी वाहतं ठेवणार? कारण नदी आटली की तिच्या काठच्या विहिरीही आटतात.

हे प्रश्न आंदोलकांचे वाटतील. खरं तर ते चौथ्या गोष्टीतले, नियोजनाच्या पेपरातले प्रश्न आहेत.

पाणी कमी पडतं तसं जास्तही होतं

२०१९ च्या जुलैमधली ती रात्र आठवत असेल. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते पाणी उल्हासचं, कर्जतकडून आलेलं.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे बरेच लोक फसतात. '१०० वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा आला की पुढची ९९ वर्षं निवांत, असं नसतं. त्याचा अर्थ, दरवर्षी एक टक्का शक्यता. तुम्ही ३० वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेजवळ घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के आहे. निळ्या रेषेवर घेतलं तर ७१ टक्के. कर्जत-नेरळला नदीकाठी 'रिव्हर टच' फार्महाऊसची जाहिरात दिसली की हा आकडा आठवा.

आणि मग १९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. रात्री, झोपेत, डोंगर वाडीवर आला. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले, चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वर रस्ता नव्हता, यंत्रं नेता आली नाहीत, माणसांनी हातांनी माती उपसली. धोकादायक गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं.

हा विषय भूगर्भशास्त्राचा आहे तितकाच पाण्याचाही. उतारावरची माती पाण्याने भरली की तिच्या कणांतली पकड सुटते. किती तासांत किती पाऊस पडला की कोणता उतार धोक्यात येतो याचा अभ्यास होऊ शकतो. त्यासाठी वाडीवाडीवर पर्जन्यमापक हवेत आणि ते वाचणारी माणसं हवीत. पर्जन्यमापक काही कोटींची वस्तू नाही. तो लावायला हवा हे कुणाला तरी सुचायला हवं, आणि त्याचा आकडा रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजवायला हवा.

बरं, शिकायचं कुठे?

बहुतेकांसाठी रस्ता सिव्हिल इंजिनिअरिंगमधूनच जातो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची पदवी. इंजिनिअरिंग कॉलेजं कर्जतला आणि रसायनीलाही आहेत, त्यासाठी मुंबईलाच जायला हवं असं नाही. पदवीत द्रवयांत्रिकी, जलविज्ञान, सिंचन हे विषय येतातच.

खरं विशेषीकरण एम.टेक.ला. त्यासाठी गेट परीक्षा द्यावी लागते. गेटमधून प्रवेश मिळाला तर मान्यताप्राप्त संस्थांत महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. ही माहिती घरी नक्की सांगा. आयआयटी मुंबईत सिव्हिलमध्ये जलसंपदेचं विशेषीकरण आहे. आयआयटी रुरकीला तर यासाठी १९५५ पासून स्वतंत्र विभाग आहे. गंगा कालवा बांधायला इंजिनिअर हवेत म्हणून १८४७ मध्ये सुरू झालेलं कॉलेज ते हेच.

आणखी एक वाट फार कमी जणांना माहीत असते: कृषी अभियांत्रिकी. आपल्या कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठात ती शिकवतात, आणि त्यात मृद व जलसंधारण हा मोठा भाग आहे. बंधारे, शेततळी, पाणलोट, म्हणजे वाडीच्या उपयोगाचं पाणी. याच विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतला आहे. 'कर्जत-३' हे भाताचं वाण तिथलंच.

महाराष्ट्रात या विषयाची परंपराही मोठी आहे. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्याच खडकवासल्याला आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, या संस्थेची सुरुवात १९१६ मधली. तिथे धरणं आणि बंदरं आधी छोट्या प्रतिकृतीत बांधून तपासली जातात. नाशिकला 'मेरी' आहे, छत्रपती संभाजीनगरला 'वाल्मी'.

नोकरीचं काय?

सरकारी वाट म्हणजे एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा आणि जलसंपदा विभागाची थेट भरती. २०२३ च्या अखेरीस विभागाने एकदम ४,४९७ पदांची जाहिरात काढली होती. त्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यकापासून कालवा निरीक्षकापर्यंतची पदं होती. पण पुढची अशी जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. केंद्रात यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून केंद्रीय जल आयोगात जाता येतं. खासगीत सल्लागार कंपन्या, वीज कंपन्या, पाणीपुरवठ्याचे ठेकेदार. शिवाय उपग्रहाची छायाचित्रं, नकाशे आणि पुराचं संगणकीय मॉडेल वापरता येणाऱ्यांना मागणी आहे. त्यामुळे कॉम्प्युटर आवडतो म्हणून ही शाखा सोडायचं कारण नाही, तो इथे रोज लागतो.

पगार आयटीसारखा सुरुवातीलाच डोळे दिपवणारा नसतो, हेही खरं. पहिली काही वर्षं साइटवर, चिखलात आणि उन्हात जातात. मुलींना 'साइटवर कसं होणार' हे अजूनही ऐकावं लागतं. गंमत म्हणजे घरचं पाणी भरण्याचं काम मात्र पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडेच आहे, आणि तेही साइटवरच.

शेवटी

शंभर वर्षांत या दोन तालुक्यांतून मुंबईला वीज गेली, कल्याणला, पनवेलला आणि नवी मुंबईला पाणी गेलं. येत्या वर्षांत आणखी जाईल. ते नेणारे इंजिनिअर हुशार होते. बहुतेक बाहेरचे होते. त्यांना जे काम सांगितलं ते त्यांनी चोख केलं. वाडीचं काम त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या फळीत कर्जत-खालापूरचीच मुलं असली तर काय होईल? कदाचित धरण तसंच होईल, पाइप तसाच शहराकडे जाईल. पण नकाशा टेबलावर पसरलेला असताना कुणीतरी बोट ठेवून म्हणेल, 'इथे वरती आमची वाडी आहे. एक टँकर पाणी, ११ युनिट वीज. तेवढं यात धरा.'

सीईटीचा फॉर्म भरताना घरात एखादा भाऊ किंवा बहीण शाखा निवडत बसली असेल, तर तिला हे दाखवा. आणि तुमच्या गावाला पाणी कुठल्या नदीतून, कुठल्या धरणातून येतं, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज घरी विचारून बघा.